१३ ए बाहेर ठेवा

मतमोजणीच्या दिवशी सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी टीव्हीवर 'टपाली मतांमध्ये अमुक पक्षाची मुसंडी' अशी पट्टी फिरायला लागली की मला हसू येतं आणि थोडा रागपण येतो. कारण मी त्या टेबलावर बसलेय. आठ पाचला आम्ही मुसंडी वगैरे काही बघत नव्हतो, पाकिटं कापायचं ब्लेड कुठे गेलं ते शोधत होतो.

नोव्हेंबर २०२४ ची विधानसभा. २० तारखेला मतदान, २३ ला मोजणी. मला त्या वेळी बूथची ड्युटी नव्हती, मोजणीची लागली, मतमोजणी सहायक म्हणून. कुठला मतदारसंघ ते सांगत नाही, आणि कुणाच्या बाजूने काय निघालं तेही सांगणार नाही, सकाळी आरओ साहेबांनी, म्हणजे निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी, माइकवरून मतदानाच्या गुप्ततेचं कलम १२८ वाचून दाखवलंय आणि आम्ही सगळ्यांनी ते ऐकलंय. पण पाकिटांबद्दल बोलायला काही हरकत नाही, ते नियम पुस्तकात छापलेलेच आहेत, फक्त कुणी वाचत नाही. मीपण वाचले नव्हते. त्याचीच ही गोष्ट आहे.

पहाटे साडेपाचला गेटवर. फोन बाहेर जमा. कुठलं टेबल ते आदल्या दिवशी सांगत नाहीत, पहाटे कॉम्प्युटरवर रँडमायझेशन होतं आणि मग हातात चिठ्ठी येते. माझ्या चिठ्ठीवर टपाली टेबल. माझ्याबरोबरच्या एक मॅडम म्हणाल्या, 'सुटलात बाई, तुम्हाला मशीनचं काही नाही, पाकिटं फोडायची आणि दुपारी घरी.' मलाही तसंच वाटलं. नंतर कळलं की मशीनवाल्यांचं सोपं असतं. मशीन एकदा आकडा दाखवतं, तो लिहायचा. मशीन कधी सही करायला विसरत नाही.

तर आधी ही पाकिटं काय असतात ते सांगते, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

टपाली मतदाराला, म्हणजे निवडणुकीच्या ड्युटीवरचे आमच्यासारखे, सैनिक, घरबसल्या मत देणारे ज्येष्ठ वगैरेंना, दोन पाकिटं मिळतात, एक लहान आणि एक मोठं. लहान म्हणजे १३ बी, त्यात फक्त मतपत्रिका जाते आणि ते चिकटवायचं. मोठं म्हणजे १३ सी, त्यावर आरओचा पत्ता असतो. आणि एक कागद असतो १३ ए नावाचा, घोषणापत्र. मी अमुक अमुक, माझ्या मतपत्रिकेचा क्रमांक अमुक, ही मतपत्रिका मलाच मिळाली, खाली माझी सही, आणि त्या सहीला राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन. आता खरी मेख इथे आहे. हा १३ ए लहान पाकिटात घालायचा नाही. तो मोठ्या पाकिटात, लहान पाकिटाच्या शेजारी सुटा ठेवायचा. का, तर मोजताना आधी माणूस तपासायचा असतो आणि मग मत उघडायचं असतं, आणि दोन्हींची गाठ पडू द्यायची नसते. म्हणून आधी मोठं पाकीट कापतात, १३ ए बाहेर काढतात, सही बघतात, साक्षांकन बघतात, त्यावरचा क्रमांक लहान पाकिटावरच्या क्रमांकाशी जुळवतात. सगळं बरोबर असेल तर १३ ए एका ढिगात आणि बंद लहान पाकीट दुसऱ्या ढिगात. सगळे १३ ए एका पाकिटात घालून सील करायचे, आणि ते सील झाल्यावरच लहान पाकिटं फोडायला सुरुवात. म्हणजे मतपत्रिका हातात येते तेव्हा ती कुणाची ते सांगणारा कागद आधीच बंद झालेला असतो. मला गणित शिकवताना इतकी सुंदर कृती क्वचित भेटते, खरंच सांगते, ज्याने कुणी हा क्रम ठरवला त्याला दंडवत. १९६१ च्या निवडणूक नियमांत ५४ ए म्हणून आहे तो.

पण त्याच नियमात हेही आहे की १३ ए सापडला नाही, किंवा त्यावर सही नाही, साक्षांकन नाही, किंवा क्रमांक जुळत नाही, तर लहान पाकीट उघडायचंच नाही. आत मत अगदी नीट दिलेलं असू दे, बाद. न उघडता बाद. पाकिटावर शेरा मारायचा आणि वेगळ्या गठ्ठ्यात.

आमच्या टेबलावर एक पर्यवेक्षक, आम्ही दोघं सहायक, एक एआरओ साहेब, म्हणजे आरओंचे सहायक, आणि एक मायक्रो ऑब्झर्व्हर, म्हणजे सूक्ष्म निरीक्षक. जाळीच्या पलीकडे उमेदवारांचे प्रतिनिधी. एका टेबलाला एका वेळी जास्तीत जास्त पाचशे पाकिटं, असा हिशोब होता. सुरुवातीची वीसेक पाकिटं झटपट गेली आणि मला वाटलं, मॅडम बरोबर म्हणत होत्या. मग एक पाकीट कापलं आणि त्यात लहान पाकीट होतं, १३ ए नव्हता. मी पाकीट उलटं करून झटकलं. काही नाही. आत बोट घालून बघितलं. लहान पाकीट मात्र जरा फुगलेलं लागत होतं, कागदाची जादाची घडी हाताला कळत होती. म्हणजे १३ ए त्या लहान पाकिटात होता, मतपत्रिकेबरोबर, छान घडी घालून, डिंक लावून बंद. बाहेरून बोटांना कळतंय की आत आहे, पण उघडता येत नाही, कारण उघडायचं की नाही हे ठरवणारा कागदच आत आहे.

एआरओ साहेबांनी पाकीट हातात घेतलं, प्रतिनिधींना दाखवलं, शेरा मारला. बाद.

आणि माझ्या पोटात धस्स झालं. कारण ते लहान पाकीट तसं फुगलेलं मी आधी बघितलं होतं. माझ्या हातात. २०१९ ला.

ऑक्टोबर २०१९. आमच्या सातारकरांना ती निवडणूक विसरता येणार नाही, विधानसभा आणि लोकसभेची पोटनिवडणूक एकाच दिवशी, २१ ऑक्टोबरला, आणि त्याच्या तीन दिवस आधी शरद पवारांची ती पावसातली सभा. माझी बूथवर ड्युटी होती, दुसऱ्या मतदारसंघात. ट्रेनिंगला नमुना १२, म्हणजे टपाली मताचा अर्ज, भरून दिला होता, आणि मतपत्रिका मिळाल्या एकदम शेवटच्या ट्रेनिंगला. मिळाल्या म्हणजे दोन निवडणुकांच्या दोन, एक पांढरी लोकसभेची आणि एक गुलाबी विधानसभेची. म्हणजे दोन मतपत्रिका, दोन १३ ए, दोन लहान पाकिटं, दोन मोठी पाकिटं, वर सूचनांचे कागद. मंगल कार्यालयाचा हॉल, पंखे बंद, स्टेजवर कुणीतरी मॉक पोल समजावून सांगतंय, मागे चहाची रांग आणि बाजूला साक्षांकनाची रांग, कारण गॅझेटेड साहेब एकच. मी माझ्या मैत्रिणीच्या पाठीवर कागद ठेवून सह्या केल्यात. सूचना वाचल्या का? नाही वाचल्या. कुणी सांगितलं का? सांगितलं असेलही, ज्यांनी सांगायचं त्यांनी माइकवर एकदा भराभर वाचून दाखवलं, कोण ऐकतंय. मला एवढं पक्कं आठवतंय की मी सगळं नीट घड्या घालून लहान पाकिटात बसवलं, कारण मला वाटलं महत्त्वाचे कागद आतल्या पाकिटात सुरक्षित, आणि मोठं पाकीट फक्त वरून. शाळेत पेपरचे गठ्ठे बांधताना आपण तसंच करतो की. आत महत्त्वाचं, बाहेर वेष्टण. दोन्ही पाकिटं पेटीत टाकली आणि स्वतःवर खूश होऊन चहा घेतला.

निकाल लागला २४ तारखेला, दिवाळी तीन दिवसांवर, मी फराळाच्या गडबडीत. माझी दोन्ही मतं बाद झाली असतील हे मला पाच वर्षांनी कळलं, दुसऱ्या कुणाच्या तरी फुगलेल्या पाकिटावरून. आणि कळलं म्हणजे तरी काय, अंदाज. बाद झालेल्याला कुणी कळवत नाही. परीक्षेत नापास झालेल्या पोराला निदान निकालपत्रक मिळतं.

त्या दिवशी मग मी जरा जास्तच बारकाईने बघायला लागले. काय काय निघतं त्या पाकिटांतून! सहीच नाही. सही आहे पण साक्षांकन नाही. क्रमांकाच्या जागी मतपत्रिकेचा क्रमांक सोडून मतदार यादीतला अनुक्रमांक लिहिलेला. आणि लहान पाकिटं फोडायला लागल्यावर, एक मतपत्रिका अशी की टिक केलेली, आणि त्याखाली झोकदार सही. बाद, कारण मतदार ओळखू येईल अशी कुठलीही खूण किंवा लिखाण चालत नाही. ही सही कुणी केली असेल याची मला कल्पना आहे, म्हणजे माणूस माहीत नाही पण जात माहीत आहे, मास्तरांची. आम्हाला कुठलाही कागद समोर आला की खाली सही करायची सवय लागलेली असते. मस्टर, पोषण आहार, शिष्यवृत्ती, सही सही सही. त्याने मत दिलं आणि खाली सही करून टाकली बिचाऱ्याने. दुसऱ्या एकाने दोन नावांसमोर टिक करून एक खोडली होती, त्यावर मात्र प्रतिनिधींची चांगलीच जुंपली, शेवटी निर्णय साहेबांचा. नियम असा आहे की खूण पुसट आहे किंवा दोनदा केलीये एवढ्यावरून मत बाद करायचं नाही, मतदाराला कोण हवंय ते स्पष्ट दिसत असेल तर धरायचं, पण खूण अशा जागी असेल की कुणाला दिलंय तेच कळत नाही तर बाद. 'स्पष्ट' म्हणजे किती स्पष्ट यावर दहा मिनिटं जातात. एका मतासाठी. आणि तिकडे टीव्हीवर मुसंडी.

सैनिक मतदारांची पाकिटं वेगळी. आमच्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आहेत, घरटी माणूस फौजेत, त्यामुळे ही पाकिटं आमच्याकडे ढिगाने येतात. त्यांना आता मतपत्रिका ऑनलाइन जाते, २०१६ पासून तसा नियम झाला, पासवर्ड टाकून डाउनलोड करायची, प्रिंट काढायची, मत द्यायचं आणि टपालाने परत पाठवायची. पाकिटावर चिकटवायचे कागदसुद्धा तिकडेच प्रिंट करतात, त्यामुळे कुठलं खाकी, कुठलं पांढरं, कुठे डिंक सगळीकडे पसरलेला, कुठे अर्ध्या पाकिटाला सेलोटेप. त्यावर क्यूआर कोड असतो, तो आधी स्कॅन करायचा, एकाच माणसाची दोन पाकिटं आली असतील तर कॉम्प्युटर लगेच पकडतो. फक्त कोड चुरगळला असेल तर स्कॅनर काही केल्या घेत नाही आणि मग आम्ही तो कागद इस्त्री केल्यासारखा तळहाताने सपाट करत बसतो. सीमेवरून आलेलं पाकीट असं तळहाताने सपाट करताना मला, काय सांगू, जरा वेगळंच वाटलं. हे पाकीट मोजणीच्या दिवशी सकाळी आठच्या आत पोचलं तरच धरायचं. आठनंतर पोस्टमन घेऊन आला तर ते फोडायचंसुद्धा नाही, तसंच बंद बाजूला. तारखेचा शिक्का कधीचा आहे याला काही किंमत नाही, पोचलं कधी ते महत्त्वाचं.

(जाता जाता. सैनिकाच्या बायकोला नवऱ्याबरोबर राहत असेल तर सैनिक मतदार म्हणून नाव लावता यायचं, पण फौजेतल्या बाईच्या नवऱ्याला नाही. कायद्यात शब्दच 'पत्नी' होता. २०२१ ला तो बदलून जोडीदार केला. एवढी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं की आलं होतं आणि कुणी हललं नव्हतं, देव जाणे.)

साक्षांकनाच्या शिक्क्यावरून तर प्रतिनिधींचा नुसता कल्ला असतो. 'साहेब, सही आहे पण शिक्का नाही, बाद करा.' दुसरा, 'शिक्का कशाला पाहिजे, सही आहे ना!' आणि पाच मिनिटांनी दुसऱ्या पाकिटाला हेच दोघं उलट बाजूने बोलतात. हा वाद २०२४ च्या लोकसभेला आंध्र प्रदेशात थेट सुप्रीम कोर्टात गेला होता. झालं असं की तिथल्या निवडणूक कार्यालयाने मोजणीच्या चार-पाच दिवस आधी कळवलं, सुविधा केंद्रावर, म्हणजे ड्युटीवाले टपाली मत देतात त्या जागी, आरओने नेमलेल्या साक्षांकन अधिकाऱ्याची नुसती सही असेल, नाव-हुद्दा-शिक्का नसेल, तरी १३ ए ग्राह्य धरा. त्यावर वायएसआर काँग्रेस हायकोर्टात गेली, हायकोर्ट म्हणालं आता मध्ये पडत नाही, काय असेल ते निकालानंतर निवडणूक याचिकेत बघा. मग ते सुप्रीम कोर्टात, आणि सुप्रीम कोर्टानेही ३ जूनला नकार दिला. मोजणी ४ जूनला. म्हणजे रबरी शिक्क्याचा वाद मोजणीच्या आदल्या दिवसापर्यंत देशाच्या सगळ्यात मोठ्या कोर्टात. मला विचाराल तर आयोगाचं बरोबर होतं. अधिकारी तुम्हीच नेमलाय, तुमच्याच केंद्रावर बसलाय, तो शिक्का घरी विसरला तर त्याची शिक्षा मतदाराला का?

सुविधा केंद्र हा मात्र चांगला बदल झालाय हां, तेवढं म्हटलंच पाहिजे. पूर्वी ड्युटीवाल्यांनी मतपत्रिका घरी न्यायची आणि मोजणीपर्यंत कधीही पोस्टाने पाठवायची अशी सोय होती. २०२३ मध्ये नियम बदलला, आता ट्रेनिंगच्या जागी केंद्र असतं, तिथेच घ्यायची, तिथेच आडोशाला जाऊन मत द्यायचं, तिथेच साक्षांकन, तिथेच पेटीत. घरी न्यायचीच नाही. कारण घरी नेलेल्या मतपत्रिकांवर कोण कोण येऊन बसायचं ते आम्हा सगळ्यांना माहितीये. पतसंस्थेचे संचालक, संघटनेचे पुढारी, 'द्या बाई तुमचं पाकीट, आम्ही एकत्रच टाकतो' म्हणणारे. त्यांची मोठी गैरसोय झाली.

आता एक मत बाद झालं तर काय मोठंसं, असं कुणी म्हणेल. आमचे हे तेच म्हणाले. मी त्यांना मुंबई उत्तर-पश्चिम लोकसभेचा निकाल सांगितला. ४ जून २०२४. मशीनवरची सगळी मतं मोजून झाली तेव्हा अमोल कीर्तिकर ४,५१,०९५ आणि रवींद्र वायकर ४,५१,०९४. एक मत! नऊ लाख मतांत एका मताचा फरक. मग टपाली मतं, वायकरांना १,५५० आणि कीर्तिकरांना १,५०१. बेरीज-वजाबाकी करा, वायकर ४८ मतांनी जिंकले. आणि बाद झालेली टपाली मतं होती १११. आयोगाचा नियम असा आहे की जिंकण्याचा फरक बाद झालेल्या टपाली मतांपेक्षा कमी असेल तर ती सगळी बाद पाकिटं आरओने पुन्हा तपासायची, निरीक्षकासमोर, व्हिडिओ चालू ठेवून. ४८ आणि १११, म्हणजे तपासणं आलंच. तसं ते झालं आणि निकाल तोच राहिला. पुढे कीर्तिकरांनी हायकोर्टात याचिका केली, तिथे मुद्दे वेगळे होते, ती डिसेंबर २०२४ मध्ये फेटाळली गेली. त्या दिवसांत सगळा महाराष्ट्र मोबाइलवरच्या ओटीपीने मशीन हॅक झालं की नाही यावर भांडत होता. आणि मी विचार करत होते की ते १११ लोक कोण असतील. पोलीस, बेस्टवाले, शिक्षक. त्यातल्या किती जणांनी १३ ए आत घातला असेल.

गुजरातमधलं ढोलका तर याहून भारी. २०१७ ची विधानसभा, भाजपचे भूपेंद्रसिंह चुडासमा ३२७ मतांनी निवडून आले, पुढे मंत्रीही झाले. समोरच्या काँग्रेसच्या उमेदवाराने याचिका केली की ४२९ टपाली मतं बेकायदा बाद केली आणि मोजणीच धरली नाहीत. गुजरात हायकोर्टाने मे २०२० मध्ये निवडणूकच रद्द केली. मंत्र्याची आमदारकी, टपाली पाकिटांवरून! तीनच दिवसांनी सुप्रीम कोर्टाने त्या निकालाला स्थगिती दिली, ती गोष्ट वेगळी. पण ४२९ बाद आणि फरक ३२७, हे आकडे मी आता शाळेत उदाहरण म्हणून वापरते.

मोजणीचा क्रम पण बदलत राहिलाय. टपाली आधी सुरू होते आठला, मशीन साडेआठला, आणि मग दोन्ही समांतर चालतात. पूर्वी दंडक होता की टपाली संपल्याशिवाय मशीनची शेवटून दुसरी फेरी सुरू करायची नाही. मध्यंतरी २०१९ ला तो काढला होता, त्यामुळे मशीनचं सगळं मोजून झालं आणि टपाली टेबलावर आम्ही अजून पाकिटं कापतोय, बाहेर गुलाल तयार, सगळे आमच्याकडे बघतायत, असा प्रसंग यायचा. सप्टेंबर २०२५ मध्ये आयोगाने तो दंडक परत आणला. बरं झालं. टपाली टेबलावर शेवटी बसणं म्हणजे लग्नात सगळे जेवून निघालेत आणि तुम्ही अजून पहिल्या भातावर.

माझी आतेबहीण पेनसिल्व्हेनियात असते, फिलाडेल्फियाच्या बाहेर, ती आता तिकडची नागरिक आहे. तिला हे सगळं फोनवर सांगत होते तर ती हसायलाच लागली. म्हणाली, 'अगं, आमच्याकडे डिट्टो हेच!' तिकडे २०१९ पासून कुणालाही कारण न देता पोस्टाने मत देता येतं. आणि त्यांचीही दोन पाकिटं! आतलं गुप्ततेचं, त्यावर काही लिहायचं नाही, आणि बाहेरचं, त्यावर घोषणा, सही आणि हाताने घातलेली तारीख. आतलं पाकीट न वापरता मतपत्रिका थेट बाहेरच्या पाकिटात घातली तर तिला ते 'नेकेड बॅलट' म्हणतात, म्हणजे उघडं मत, आणि २०२० मध्ये तिथल्या राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की असं मत मोजायचं नाही. आपल्याकडे लोक आत जास्त कोंबतात, त्यांच्याकडे आतलं पाकीटच वापरत नाहीत. तारीख विसरलेल्या पाकिटांवरून तर तिथे वर्षानुवर्षं कोर्टकज्जे चालू आहेत.

आणि त्यांच्याकडे अजून एक गंमत, पाकिटं आधी आलेली असली तरी मतदानाच्या दिवशी सकाळी सातच्या आधी फोडायला परवानगी नाही. फ्लोरिडासारख्या राज्यांत कित्येक दिवस आधी तपासणी सुरू होते, पेनसिल्व्हेनियात नाही. २०२० ला तिथे पोस्टाची २६ लाखांहून जास्त मतं आली होती आणि ती सगळी त्याच दिवशी सकाळी फोडायला सुरुवात. मंगळवारी मतदान झालं आणि कोण जिंकलं ते टीव्हीवाल्यांनी शनिवारी सांगितलं. त्या चार दिवसांत जगभर काय काय आरोप झाले ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. मला तेव्हा वाटलं होतं की काय हा अमेरिकेचा गलथानपणा, मोजायला चार दिवस! आता एका टेबलावर बसल्यावर कळतंय. पाकीट कापायला वेळ लागतो हो. त्याला दुसरा इलाज नाही.

तिच्या नवऱ्याचा पासपोर्ट मात्र अजून भारतीय. त्याला तिकडे मत नाही. आणि इकडे परदेशस्थ मतदार म्हणून नमुना ६ ए भरून नाव लावलं तरी मत द्यायला विमानाने येऊन बूथवर उभं राहावं लागतं, टपालाची सोय एनआरआयना अजून नाहीये. आयोगाने २०२० मध्ये तसा प्रस्ताव सरकारला पाठवला होता. भाऊजी म्हणतात, 'मी जगातला सगळ्यात अनुपस्थित मतदार.'

अनुपस्थित मतदार हा आपल्याकडे अधिकृत शब्द आहे बरं का. ८५ च्या वरचे ज्येष्ठ आणि ४० टक्क्यांच्या वर दिव्यांगत्व असलेले यात येतात, घरबसल्या मतदान. आधी वय ८० होतं, मार्च २०२४ ला ८५ केलं. आमच्या सासूबाई ८८. लोकसभेला त्यांचा १२ डी, म्हणजे घरबसल्या मतदानाचा अर्ज, भरून दिला, आणि मतदानाच्या आधी टीम घरी आली, दोन कर्मचारी, एक पोलीस, एक व्हिडिओवाला, बरोबर पुठ्ठ्याचा आडोसा. सासूबाईंनी सकाळपासून नऊवारी नेसून ठेवलेली. मत दिलं, पाकीट चिकटवलं, आणि मग त्या साहेबांना चहा घेतल्याशिवाय सोडेनात. ते म्हणाले, आजी, आम्हाला चालत नाही. त्यांना राग आला, मत घ्यायला येता आणि चहा घेत नाही? आमच्या गल्लीतल्या दुसऱ्या एक आजींनीपण फॉर्म भरला होता, पण त्या लेकीकडे पुण्याला गेल्या. टीम दोनदा येऊन गेली, कुलूप. मतदानाच्या दिवशी आजी परत आल्या आणि बूथवर गेल्या तर यादीत नावापुढे पीबी, म्हणजे पोस्टल बॅलट, लिहिलेलं. एकदा टपाली मागितलं की बूथवर मत देता येत नाही, घरी नसलात तरी. त्या खूप चिडल्या, पण बूथवरची पोरं काय करणार, नियमच तो.

सासूबाईंचं पाकीट टीमसमोर बंद झालं म्हणून मी निर्धास्त होते. तरी नोव्हेंबरनंतर एक दिवस विचारलंच, आई, तो सहीचा कागद तुम्ही कुठल्या पाकिटात ठेवला होता? म्हणाल्या, 'मला काय माहीत, त्या पोराने ठेवला.' असो.

२३ तारखेला आमचं टेबल दुपारी आटोपलं. बाद पाकिटांचा गठ्ठा बांधला, वर कागद, सुतळी, आणि लाख वितळवून सील. लाखेचा एक थेंब माझ्या बोटावर पडला, अजून डाग आहे. प्रतिनिधींनी सह्या केल्या. मी त्या पर्यवेक्षक सरांना विचारलं, हे आता कुठे जातं? म्हणाले, कस्टडीत. कोर्टाचा आदेश आला तर उघडतात, नाहीतर मुदत संपली की नष्ट करतात. म्हणजे माझी २०१९ ची एक पांढरी आणि एक गुलाबी केव्हाच गेली असणार. मी मनात म्हटलं बरं झालं, निदान हा गठ्ठा बांधायला तरी मी हजर होते.

बाहेर येऊन फोन घेतला. ह्यांचा मेसेज सकाळी आठ दहाचा. 'टपालात कोण पुढे आहे गं?'